दायाद, आश्रित आणि जनक्षोभ : ‘आज्ञापत्र’ व ‘घाशीराम कोतवाल’ यांच्या निमित्ताने

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडी हे जुन्या किल्ल्याचे गाव. या परिसराने सत्तेची तीन रूपे पाहिली आहेत. प्रथम किल्ल्याची, त्यानंतर मालगुजारीची आणि शेवटी मतपेटीची. जुन्या मध्यप्रांतातील मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून कायद्याने संपुष्टात आली. परंतु भंडाऱ्याकडील कित्येक तलावांना लोक अद्यापि ‘मालगुजारी तलाव’ असेच म्हणतात. संस्था नष्ट झाल्या तरी त्यांची नावे मागे राहतात, आणि कधी कधी नावाबरोबर वृत्तीही राहते. अधिकार गुणांवर मिळावा की नात्यावर, आणि नात्यावर मिळालेला अधिकार माजला असता लोकांनी केलेल्या ओरडीचा काही उपयोग होतो काय, हे दोन प्रश्न या तिन्ही राजवटींना समान आहेत. मराठी वाङ्मयात त्यांचा विचार कसा झाला आहे, हे पाहण्याचा येथे उद्देश आहे.

त्यासाठी परस्परांपासून अडीचशे वर्षांच्या अंतरावर असलेल्या दोन कृती निवडल्या आहेत. एक, रामचंद्रपंत अमात्य यांचे ‘आज्ञापत्र’ (इ. स. १७१५-१६ च्या सुमारास), दुसरी, विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२). एक राजनीतीवरील गद्य प्रबंध आहे, दुसरे नृत्यसंगीताने युक्त असे नाटक. दोहोंची जातकुळी सर्वस्वी भिन्न असल्याने त्यांची तुलना प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. तथापि सत्ताधारी आणि त्याच्या मर्जीतील माणसे यांच्या संबंधाचे विवेचन दोन्ही कृतींच्या केंद्रस्थानी आहे, आणि ते दोन विरुद्ध बाजूंनी झालेले आहे. तुलनेचे प्रयोजन हेच.

‘आज्ञापत्रा’चा कर्ता राज्याचा जुना मुत्सद्दी होता. राजारामाच्या काळातील धामधुमीत वतने आणि इनामे यांची खैरात कशी करावी लागली, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. त्यामुळे वतनदारांविषयीचे त्याचे प्रकरण अनुभवाच्या कसोटीवर घासून निघालेले आहे. वतनदाराला तो राज्याचा ‘दायाद’ म्हणजे वाटेकरी भाऊबंद मानतो. त्याला दुखवू नये, परंतु मोकळेही सोडू नये, असा त्याचा सल्ला आहे. सेवकाने पराक्रम केला तर त्याचे वेतन वाढवावे, मात्र राज्याची भूमी वंशपरंपरेने तोडून देऊ नये, ही त्याची भूमिका आहे. किल्ल्यांच्या प्रकरणात अधिकाऱ्यांच्या ठराविक मुदतीने बदल्या करण्याचा जो दंडक तो सांगतो, त्याचा हेतूही तोच. एकाच ठिकाणी फार काळ राहिलेला अधिकारी तेथे सोयरीक जुळवितो, सोयरिकीतून हितसंबंध निर्माण होतात आणि मग किल्ला राज्याचा न राहता घराण्याचा होतो.

या विचाराचे महत्त्व असे की, त्यात घराणेशाहीची निंदा नीतीच्या नावाने केलेली नाही. रामचंद्रपंताला आप्तप्रेम हे पाप वाटत नाही. ते राज्याच्या रचनेतील दौर्बल्य वाटते. माणूस वाईट आहे म्हणून तो आपल्या पुतण्याला जागा देतो असे नसून, पुतण्याला दिलेली जागा परत घेता येत नाही म्हणून राज्य दुबळे होते, असा हा युक्तिवाद आहे. पण येथेच या ग्रंथाची मर्यादाही स्पष्ट होते. ग्रंथकर्त्याचे स्वतःचे घराणे अमात्यपदावर पिढीजात होते आणि बावड्याची जहागीर त्याच्या वंशाकडे चालली. इकडे सातारच्या गादीचे पेशवेपदही १७१३, १७२० आणि १७४० या तीन नेमणुकांनी पित्याकडून पुत्राकडे व पुत्राकडून नातवाकडे गेले. ज्याने रोगाचे निदान अचूक केले, त्याच्याच वर्गाने तो रोग पोसला. याला केवळ दांभिकता म्हणणे उथळपणाचे होईल. रोगावरील उपाय ज्याच्या हाती द्यावा असा राजाखेरीज दुसरा कोणी ग्रंथकर्त्याला दिसत नव्हता, हे खरे कारण होय. ‘आज्ञापत्रा’त प्रजेच्या पालनाचा विचार आहे, परंतु प्रजेने जाब विचारण्याचा विचार नाही.

‘घाशीराम कोतवाल’चा प्रथम प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे होते. नाना फडणविसांच्या चित्रणावरून वाद उसळला आणि मूळ संस्थेने प्रयोग थांबविले. पुढे त्यातील कलावंतांच्या ‘थिएटर अ‍ॅकॅडमी’ने नाटक पुन्हा उभे केले. हा वाद ऐतिहासिक सत्यासत्याभोवती फिरत राहिल्याने नाटकातील राजकीय विचाराकडे मात्र दुर्लक्ष झाले. इतिहासातील घाशीराम सावळदास हा औरंगाबादेकडून आलेला उत्तर भारतीय ब्राह्मण. तो १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या चौकीत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेकजण गुदमरून मेले. लोक खवळले, नाना फडणविसाने घाशीरामास लोकांच्या स्वाधीन केले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. एवढा आधार घेऊन तेंडुलकरांनी नाटक रचले. आपली मुलगी नानाला देऊन घाशीराम कोतवाली मिळवितो, हा व्यवहार नाटककाराने कथेचा कणा बनविला.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेणे जरूर आहे. घाशीराम हा नानाचा आप्त नव्हे. शहरात त्याला भाऊबंद नाहीत, वतन नाही, प्रतिष्ठा नाही. तो उपरा आहे आणि उपरा आहे म्हणूनच नानाला उपयोगी आहे. त्याने केलेल्या जुलमाचा लाभ नानाला मिळेल आणि त्याचे पाप घाशीरामाच्या नावे जमा होईल, हा हिशेब नाना प्रेक्षकांपुढे उघडपणे मांडतो. म्हणजे रामचंद्रपंताला ज्याची भीती वाटते त्याच्या नेमका उलट हा नमुना आहे. दायादाची मुळे जमिनीत इतकी खोल गेलेली असतात की धन्याला तो उपटता येत नाही. आश्रिताला मुळेच नसतात, त्यामुळे धनी त्याला केव्हाही उपटून फेकू शकतो.

नाटकाचा शेवट या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवा. ब्राह्मणांचा जमाव नानाच्या वाड्यावर येतो, आणि नाना घाशीरामाचा बळी देऊन उत्सवाची आज्ञा करतो. जनक्षोभ यशस्वी झाला काय? कोतवाल गेला, या अर्थी झाला. कोतवाल नेमणारा हात शाबूत राहिला, या अर्थी झाला नाही. लोकांची मागणी पूर्ण करणे हाच सत्ताधाऱ्याच्या सुटकेचा मार्ग ठरतो. रंगमंचावरील माणसांची भिंत, जी आरंभापासून कधी आडोसा तर कधी साक्षीदार होते, ती शेवटी नाचात सामील होते. दंडार किंवा खडी गंमत पाहिलेल्या झाडीपट्टीतील प्रेक्षकाला समूहाने गाण्याची व नाचण्याची ही रीत परकी वाटणार नाही. मात्र येथे समूहाचे नृत्य हे त्याच्या विसरभोळेपणाचे चिन्ह झाले आहे.

नाटकाचा दोषही येथेच सांगितला पाहिजे. तेंडुलकरांच्या जमावाला रक्ताखेरीज दुसरी मागणी नाही. कोतवालीची नेमणूक कोणत्या नियमाने व्हावी, कैद्याला कोंडण्याचा अधिकार कोणाला असावा, हे कोणी विचारीत नाही. तसे विचारणारे एकही पात्र नाटकात नसल्याने, जनक्षोभ नेहमीच व्यर्थ जातो असा निष्कर्ष या नाटकावरून काढणे अयोग्य होईल. नाटक एवढेच सिद्ध करते की, माणूस मागणाऱ्या जनक्षोभाला माणूस देऊन शांत करता येते.

महाराष्ट्राच्या अलीकडील इतिहासावर हे विधान तपासून पाहता येते. सिमेंटच्या वाटपाचा आणि न्यासांना मिळालेल्या देणग्यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने जोडल्यानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. कन्येच्या एम. डी. परीक्षेतील गुणांच्या फेरफाराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील-निलंगेकर यांनी पद सोडले. दुसरे प्रकरण विद्यापीठीय वाचकाला विशेष जवळचे आहे. तेथे वादाचा विषय जमीन किंवा ठेका नव्हता, गुणपत्रिकेतील आकडे होते. आणि त्याला वाचा फुटली ती मोर्चाने नव्हे, तर त्याच परीक्षेला बसलेल्या एका डॉक्टरच्या अर्जाने. दोन्ही वेळी आश्रित नव्हे तर प्रत्यक्ष धनी पायउतार झाला, हे नानाच्या पुण्याहून वेगळे. पण अंतुले पुढे केंद्रात मंत्री झाले, आणि निलंगेकरही राज्याच्या मंत्रिमंडळात परतले. व्यक्ती जाते व परत येते. तेवढ्यात नियम बदलला काय, हाच प्रश्न उरतो.

याच्या उलट उदाहरण माहितीच्या अधिकाराचे आहे. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळावी म्हणून अण्णा हजारे यांनी ९ ऑगस्ट २००३ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण आरंभिले आणि संमती मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. याच सुमारास हजारे यांनी मंत्र्यांवर केलेल्या आरोपांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोग नेमला गेला. २००५ च्या त्याच्या अहवालात मंत्र्यांवर ठपका आला, तसाच तक्रारदाराच्या न्यासाच्या व्यवहारांवरही आला. आयोगाने दोन्ही पक्षांना एकच माप लावले, ही गोष्ट अल्प नव्हे. जमावाला असे माप नसते. मात्र नियम मागणाऱ्या चळवळीलाही सहज यश येते असे नाही. २०११ च्या आंदोलनानंतर लोकपालाचा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संमत झाला आणि पहिला लोकपाल नेमला जाण्यास मार्च २०१९ उजाडला. कायदा मिळविल्यावर लोक घरी गेले की कायद्याचेही वतन होऊ शकते.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचाराची आठवण अपरिहार्य आहे. घटनासमितीतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, घटनात्मक मार्ग खुले झाल्यानंतर सत्याग्रह व कायदेभंग यांना स्थान उरत नाही, अशी भूमिका त्यांनी मांडली. आणि त्याच भाषणात राजकारणातील व्यक्तिपूजेचा धोकाही सांगितला. या दोन इशाऱ्यांचा एकत्र विचार क्वचितच होतो. वास्तविक ते एकाच विचाराचे दोन भाग आहेत. व्यक्तीवर सर्वस्व सोपविणारी भक्ती आणि व्यक्तीचा बळी मागणारा क्षोभ, दोहोंतही नियमाचा विसर पडतो. भंडाऱ्याच्या मतदारांनी १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत आंबेडकरांना पराभूत केले, ही या जिल्ह्याच्या इतिहासातील बोचरी नोंद आहे. पण पराभवानंतरही त्यांनी मतपेटीचा मार्ग सोडला नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे आचरणातील प्रमाण म्हणावे लागेल. तथापि २००३ चे उदाहरण त्यांच्या भूमिकेला एक पुरवणी जोडते. घटनात्मक मार्ग कागदावर खुला असूनही व्यवहारात अडून राहतो, तेव्हा तो मोकळा करण्यासाठी केलेला सत्याग्रह घटनेच्या विरुद्ध जात नाही.

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. ‘आज्ञापत्र’ दायादाचा धोका दाखविते, ‘घाशीराम कोतवाल’ आश्रिताचा. पहिल्यात उपाय राजाच्या हाती आहे, दुसऱ्यात कोणाच्याच हाती नाही. जाब विचारण्याचा हक्क असलेला नागरिक दोन्ही कृतींत अनुपस्थित आहे. आणि मराठी वाङ्मयातील ही उणीव अभ्यासकांनी पुढे तपासण्याजोगी आहे.

प्रत्यक्षात हा नागरिक सानगडीसारख्या गावी आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणाऱ्याला सदस्यत्वास अपात्र ठरविले आहे. रामचंद्रपंताने राजाला जे सांगितले ते येथे कायद्याने ग्रामस्थाच्या हाती दिले आहे. ठेका सदस्याच्या भावाला मिळाला असेल, तर ग्रामसभेत उभे राहून त्याची कागदपत्रे मागणाऱ्याला ज्याच्याविरुद्ध बोलावयाचे तो बहुधा त्याचाही सोयराच असतो. राजधानीतील मोर्चापेक्षा हे कठीण आहे. जनक्षोभाची खरी परीक्षा येथे होते, कारण येथे गर्दीचा आडोसा नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने पाण्याला जावयाचे असते.