ओंडक्यांचा प्रासाद

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचा उष्णोदकाचा एक फवारा आहे. साधारण दीड तासाच्या अंतराने तो भूगर्भातून उसळतो, शंभर-दीडशे फूट उंच जातो आणि पुन्हा निमूट होतो. या फवाऱ्याच्या शेजारी ‘ओल्ड फेथफुल इन’ ही ओंडक्यांची भव्य अतिथिशाळा उभी आहे. मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तिथून छायाचित्रांचा गठ्ठा आणला. तेव्हापासून ही वास्तू माझ्या डोक्यातून जात नाही. एखादी कादंबरी आवडावी, पण तिच्यातले काहीतरी सलतही राहावे, तसे झाले आहे.

यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झाले. जगातले हे पहिले मानले जाते. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला प्रवासी हवे होते आणि प्रवाशांना रात्रीचा निवारा हवा होता. रेल्वेच्या पैशाच्या पाठबळावर हे काम रॉबर्ट रीमर या तिशीच्या उंबरठ्यावरील वास्तुशिल्पज्ञाकडे आले. १९०३-०४ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात बर्फात बांधकाम चालले आणि १९०४ च्या जूनमध्ये दारे उघडली. खर्च सुमारे एक लाख चाळीस हजार डॉलर. लाकूड त्याच परिसरातल्या लॉजपोल पाइन वृक्षांचे आणि दगड तिथल्याच ज्वालामुखीने घडवलेला.

आत पाऊल टाकताच मान आपोआप वर जावी, अशी त्या दिवाणखान्याची रचना आहे. उंची शहात्तर फुटांहून अधिक. आपल्या वाड्याच्या चौकात उभे राहिले की चहूबाजूंनी सज्जे आणि वर आकाश दिसते. इथे आकाशाच्या जागी उतरते छप्पर आहे आणि सज्ज्यांवर सज्जे चढत गेले आहेत. मधोमध सुमारे पाचशे टन दगडाचे धुराडे. त्याच्या चार बाजूंना चार मोठ्या आणि कोपऱ्यांना चार लहान अशा आठ शेगड्या. छपराजवळ, पक्ष्याने घरटे बांधावे तसा एक चिमुकला मंच आहे. पूर्वी वादक तिथे बसून वाजवीत आणि खाली पाहुणे नृत्य करीत.

मला सर्वांत मोहवतात ते सज्ज्यांचे टेकू. सुतार ज्या वाकड्या, गाठाळ फांद्या सरपणात टाकील, त्या रीमरने वेचून आणून मानाने दर्शनी जागी बसवल्या. एकीचा बाक दुसरीसारखा नाही. सगळी मुले एकाच पट्टीने मोजणाऱ्या आम्हा मास्तर मंडळींनी या टेकूंकडे थोडा वेळ पाहत राहावे.

पण रसिकाने भारावून जाऊन चालेल, समीक्षकाने नव्हे. ही वास्तू दिसते तितकी भाबडी नाही. ओंडक्यांच्या भक्कम भिंती तळमजल्यापुरत्या. वरचे मजले लाकडी सांगाड्याचे असून त्यांवर फळकुटांची खवले चढवली आहेत. अरण्यातल्या झोपडीचा हा थाट, पण विजेचे दिवे आणि वाफेची ऊब पहिल्या दिवसापासून हजर. शिवाय ते दिवे मेणबत्त्यांच्या आकाराचे! शहरी पाहुण्याला रानात राहिल्याचा आनंद द्यायचा, रानाचा त्रास मात्र होऊ द्यायचा नाही, असा हा बेत आहे. हा दोष मी क्षम्य मानतो. नाटकातला राजा खरा नसतो. तो शोभतो की नाही, एवढेच आपण पाहतो.

क्षम्य नाही ते दुसरेच. ही सारी सजावट पाहुण्याला सांगते, की तू मनुष्याचा हात न लागलेल्या भूमीत आला आहेस. ते खरे नाही. शोशोनी, क्रो, बॅनक अशा अनेक जमातींचा या भूमीशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता. १८७७ साली नेझ पर्स लोक सैन्याचा ससेमिरा चुकवीत बायकामुलांसह याच उद्यानातून गेले; त्यानंतर अवघ्या सत्तावीस वर्षांनी इथे वादकांचा मंच सजला. आधी माणसे दूर सारली गेली आणि मग निर्जनतेचे कौतुक सुरू झाले. रीमरने त्यांना हाकलले नाही, हे मान्य. परंतु त्याच्या ओंडक्यांनी जी कथा सांगितली, तिच्यात त्यांना जागा नव्हती.

मग ही वास्तू टाकाऊ ठरते काय? माझे मन तसे म्हणायला धजत नाही. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री मोठा भूकंप झाला. भोजनगृहाचे धुराडे कोसळले, वादकांच्या मंचाची वाट पाहुण्यांना बंद झाली. ओंडक्यांचा सांगाडा मात्र उभा राहिला. १९८८ च्या सप्टेंबरमध्ये वणवा दाराशी आला. आदल्याच वर्षी छपरावर बसवलेले पाण्याचे फवारे आणि माणसांची धावपळ यांनी ती वाचवली. गंमत अशी, की लॉजपोल पाइनची पुष्कळशी फळे राळेने घट्ट मिटलेली असतात आणि आगीच्या धगीनेच उघडून बी सांडतात. रानातल्या झाडाला वणवा पुनर्जन्म देतो. त्याच झाडाचे घर केले, की वणवा त्याचा काळ ठरतो. तो वणवा विझल्यावर जळक्या रानात कोवळी रोपे दाटीने उगवली. घर जळाले असते, तर पुन्हा उगवले नसते.

म्हणूनच मला वाटते, रानाची नक्कल म्हणून ही वास्तू खोटी आहे. माणसाच्या हातांचे काम म्हणून ती अस्सल आहे. सांगायची राहून गेलेली कथा आता तिच्याच शेगडीपाशी मोठ्याने सांगितली जावी. आठ शेगड्यांभोवती ऐकणाऱ्यांना जागा भरपूर आहे.