एक क्षण, चार नगरे

भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या ३६व्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात ‘भुवनकोश’ हा पृथ्वीचे वर्णन करणारा भाग आहे. गोलावरच्या आडव्या-उभ्या रेषांमागचा विचार त्यात ज्या देखणेपणाने उलगडतो, तो आजही थक्क करतो.

पृथ्वीच्या मध्यावर लंका, पूर्वेला यमकोटी, पश्चिमेला रोमकपत्तन आणि थेट पलीकडच्या अंगाला सिद्धपुर, अशी चार नगरे आचार्य मांडतात. ही लंका म्हणजे आजचा देश नव्हे. उज्जयिनीवरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा विषुववृत्ताला जिथे छेदते, तो हा गणिती बिंदू. नगरांमधले अंतर परिघाच्या चतुर्थांशाचे, हेही ते सांगून ठेवतात. मग पुढे एक अप्रतिम श्लोक येतो. त्याचा आशय असा: लंकेत सूर्य उगवतो तेव्हा यमकोटीत माध्यान्ह असते, सिद्धपुरात सूर्य मावळत असतो आणि रोमकात मध्यरात्र असते. श्लोकात अंशांचा हिशेब नाही. एकाच क्षणाची चार रूपे शेजारी ठेवली आहेत, आणि वाचणाऱ्याच्या मनात गोल आपोआप फिरू लागतो. रेखांशाचे सारे मर्म या फिरण्यात आहे. अंतर वेळेत उतरते: दिवसरात्रीच्या साठ घटिकांत ३६० अंश, म्हणजे घटिकेला सहा.

अक्षांशाची रीत वेगळी. विषुवदिनी माध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची सावली मोजली, की आपण विषुववृत्तापासून किती दूर ते कळते. मुंबईत ती चार अंगुळांहून किंचित जास्त भरते, विषुववृत्तावर शून्य. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर आहे, म्हणून ते अंतर सोळापट केले की पृथ्वीचा परिघ मिळतो, असे आचार्य म्हणतात. एका अंतरात अख्खी पृथ्वी मावते!

अक्षांश माणसाला एकट्याने काढता येतो. रेखांशाला मात्र दूरच्या दुसऱ्या गावची वेळही लागते. ‘सूर्यसिद्धांत’ या जुन्या ज्योतिषग्रंथाने त्यासाठी चंद्रग्रहण निवडले. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागते, पण स्थानिक वेळा निराळ्या. त्या वेळांच्या फरकातून रेखांशांतर निघते.

म्हणूनच भुवनकोशातला आणखी एक विचार मला या विषयाचा गाभा वाटतो. जो जिथे उभा असतो तो स्वतःला पृथ्वीच्या माथ्यावर समजतो. पलीकडचा माणूस त्याच्या दृष्टीने पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा उलटा, तरी तिथे तो आपल्याइतकाच निर्धास्त उभा असतो. माथा प्रत्येकाचा निराळा असेल, तर मोजणी कुठून सुरू करायची हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेने ग्रीनिचचा आरंभरेषेचा मान पक्का केला. आरंभरेषा अशी माणसांच्या संमतीने ठरते. विषुववृत्त पृथ्वीच्या फिरण्यानेच आखलेले आहे. गोलावरच्या या जाळ्यात एक धागा निसर्गाचा आणि दुसरा माणसांच्या एकमताचा आहे.