‘फ्लॅटलँड’ आणि वाचकांची मतं: पुरावा म्हणून ती कशी वाचायची?

‘या कादंबरीबद्दल वाचकांमध्ये मतभिन्नता आहे’ हे वाक्य संशोधन प्रस्तावात हमखास सापडतं. पण मतभिन्नता आहे, मग पुढे काय? एक उदाहरण घेऊन बघू.

एडविन अ‍ॅबट यांची ‘फ्लॅटलँड’ १८८४ साली आली. सगळं जग सपाट आणि माणसं म्हणजे भौमितिक आकृत्या. बाजू जितक्या जास्त, तितका दर्जा वरचा. सैनिक आणि मजूर समद्विभुज त्रिकोण, मध्यमवर्ग समभुज त्रिकोण, मग चौरस, पंचकोन, षटकोनापासून सरदार आणि सगळ्यांत वर वर्तुळाकार धर्मगुरू. स्त्रिया? नुसत्या सरळ रेषा. हे सगळं सांगणारा निवेदक स्वतः एक चौरस आहे.

या पुस्तकाच्या वाचकांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटाला फक्त मितींचं गणित दिसतं. सापेक्षतावादाची चर्चा सुरू झाल्यावर १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये या पुस्तकाची आठवण काढली गेली, तीही याच अंगाने. दुसरा गट म्हणतो, पुस्तक स्त्रीद्वेष्टं आहे. तिसरा म्हणतो, अहो, हा व्हिक्टोरियन समाजाचा उपहास आहे!

दुसरा आक्षेप आजचा नाही. १८८४ च्याच सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याला उत्तर दिलेलं आहे. म्हणजे ‘त्या काळी हे कुणाला खटकत नव्हतं’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

मग बरोबर कोण? निवेदकाचं मत म्हणजे लेखकाचं मत नव्हे, हे वेन बूथपासून आपण शिकतोच. पण तेवढं म्हणून सुटता येत नाही. संहितेत पुरावा लागतो. वर्गाबाबत तो भरपूर आहे: अधूनमधून एखाद्या त्रिकोणाला बढती मिळते आणि त्या आशेवर बाकीचे गप्प राहतात, हे चौरस कौतुकाने सांगतो. आपल्याला मात्र त्यातली लबाडी कळते. स्त्रियांबाबतही धागे आहेत. पुरुष बायकांशी एक भाषा बोलतात आणि आपसांत दुसरी; त्यांच्या शिक्षणाचा फेरविचार व्हावा, असं चौरस दबकत सुचवतो.

तरीही माझ्या मते दुसऱ्या गटाचं म्हणणं पूर्ण खोडता येत नाही. या व्यवस्थेकडे रेषेच्या नजरेतून बघणारं एकही प्रकरण पुस्तकात नाही. चौरसाची बायको बोलते, पण तीही त्याच्याच निवेदनातून. उपहास व्यवस्थेला उघडं पाडतो, पण जिला चिरडलं जातं तिला आवाज देत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वाचकांचं भांडण नेमकं इथे आहे.

म्हणून वाचकांची मतं गोळा करताना तीन प्रश्न विचारा. मत कशाबद्दल आहे: निवेदक, लेखक की पुस्तक? ते कधीचं आहे? आणि संहितेतल्या कुठल्या जागेवर ते उभं आहे? तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर ते मत वाचकाबद्दल काहीतरी सांगतं, कादंबरीबद्दल नाही. तेही अभ्यासाचा विषय होऊ शकतं, फक्त मग तुमचा संशोधन प्रश्न बदलावा लागेल.