रॉक संगीत आणि रूपांतराचा प्रश्न

कोणत्याही कलाप्रकाराच्या भवितव्याची चर्चा सुरू झाली, की दोन भिन्न प्रश्नांची नकळत गल्लत होते. त्या कलेला बाजारात गिऱ्हाईक उरले आहे काय, हा एक प्रश्न. आणि त्या कलेवाचून व्यक्त होऊ शकणार नाही असे काही जीवनात उरले आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आकड्यांनी देता येते; दुसऱ्याचे केवळ कलाकृतींच्या साक्षीने. रॉक संगीत कालबाह्य झाले, असे जे आज वारंवार म्हटले जाते, त्यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तराच्या जागी ठेवलेले असते. भारतात तर ही गल्लत अधिकच दिशाभूल करणारी आहे. कारण भरभक्कम बाजार असा रॉकला येथे कधी लाभलाच नाही. १९७० व १९७१ साली भारतीय तरुणांच्या बँडांची गाणी ‘सिमला बीट’ या नावाने ध्वनिमुद्रित झाली, ती सिगारेटच्या जाहिरातीच्या आश्रयाने. जे बाजारावर जगलेच नाही, ते बाजार बदलल्यामुळे मेले असे म्हणणे तर्काला धरून होणार नाही.

खरा प्रश्न बाजाराचा नसून रूपांतराचा आहे. नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावर मॅक्स म्युलर भवन, ब्रिटिश कौन्सिल आणि अमेरिकन सेंटर या तीन परदेशी संस्था आहेत. आणि त्याच रस्त्यावर २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदनही उभे आहे. पाश्चात्त्य कला भारतात ज्या दारांतून येते, त्यांपैकी काही दारे या एका रस्त्यावर आहेत. हा रस्ता पूर्वी कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. रस्त्याच्या नामांतराला एक पाटी पुरली. कलेचे नामांतर आणि तिचे रूपांतर यांत मात्र मोठे अंतर असते.

हे अंतर दिल्लीतच स्पष्टपणे दिसून येते. १९९० साली सुस्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी ‘इंडियन ओशन’ या बँडची स्थापना केली. पुढच्याच वर्षी याच शहरात ‘परिक्रमा’ हा बँड निघाला. ‘परिक्रमा’ने नाव संस्कृत घेतले, पण गाण्यांची भाषा इंग्रजीच ठेवली. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ असे नाव धारण केले, तेव्हाही भाषा बदलली नाही. या बँडांच्या वादनकौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मूळ कृतीचे शब्द, तिचा घाट आणि तिचे उद्‌गार जसेच्या तसे आत्मसात करणे म्हणजे उत्तम पाठांतर होय. त्यातून परभाषेवरील प्रभुत्व सिद्ध होते, स्वभाषेत नवी भर पडत नाही.

‘इंडियन ओशन’ने निराळा मार्ग धरला. त्याच्या रचनांत गिटारच्या शेजारी अशीम चक्रवर्तींचा तबला आला. परंतु केवळ तबला आल्याने रूपांतर घडत नाही. तसे असते, तर चित्रपटसंगीतातील प्रत्येक मिश्रण रूपांतर ठरले असते. महत्त्वाचे हे, की या बँडने रॉकचा शब्द न उचलता रॉकची वृत्ती उचलली. तीच तीच लय साठवत नेऊन तिचा एका क्षणी स्फोट घडवणे, गायकाचा आवाज घोटून गुळगुळीत न करणे, आणि ऐकणाऱ्याला सभ्य श्रोत्याच्या आसनावरून उठवणे, ही ती वृत्ती. १९९७ चा ‘डेझर्ट रेन’ हा संग्रह तर दिल्लीत ‘सहमत’च्या कार्यक्रमात प्रत्यक्ष वाजवलेल्या संगीताचेच मुद्रण आहे, आणि पथनाट्य सादर करताना १९८९ मध्ये ज्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला, त्या सफदर हाश्मींच्या स्मृतीशी ‘सहमत’चे नाव जोडलेले आहे. हे संगीत कोणत्या समाजात उभे राहून बोलत होते, हे यावरून ध्यानात यावे.

२००० सालच्या ‘कंदिसा’ या संग्रहात केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेतील अरामाईक प्रार्थना आहे आणि ‘मा रेवा’ हे नर्मदेचे गीतही आहे. हे दुसरे गीत बँडचे राहुल राम यांनी नर्मदा आंदोलनातील सहभागाच्या काळात खोऱ्यातून आणले. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावयास हवे. ही नदी महाराष्ट्राला परकी नाही. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याने प्रथम ग्रासलेल्या गावांपैकी एक. म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहणाऱ्या नदीचे गाणे रॉकच्या लयीत प्रथम गाजले, ते दिल्लीच्या एका बँडकडून. मुंबईत ध्वनिक्षेपक होते, गिटार होत्या, कुशल वादकही होते. या गाण्याची गरज तेवढी कोणाला भासली नव्हती.

याचे कारण मराठी समाजरचनेत शोधावे लागते. उघड्यावर, वरच्या पट्टीत, समूहाला उद्देशून गाण्याची जी भूक रॉकने पाश्चात्त्य तरुणांत भागवली, ती मराठीत शाहिरीने आधीच भागवली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्या डफाला विजेची गरज पडली नाही. रॉक आले, ते इंग्रजी महाविद्यालयांच्या आवारात. शाहिरी राहिली कामगारवस्तीत. एकाच मुंबईतील या दोन आवाजांची गाठ पडलीच नाही. मराठीत रॉकचे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. परंतु प्रयत्नांची परंपरा बनली नाही, आणि ही हानी केवळ रॉकची नाही.

आता बदललेल्या व्यवसायाकडे वळू. ‘इंडियन ओशन’ने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या संग्रहातील गाणी दरमहा एक या क्रमाने संकेतस्थळावरून विनामूल्य दिली. संग्रहाचे नाव म्हणजे करोलबागेतील ज्या जुन्या घरात बँडचा सराव चाले, त्याचा पत्ता. अशीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी निवर्तले होते. त्यांचा आवाज या गाण्यांतून श्रोत्यांच्या हाती मोफत आला. ज्या व्यवसायात ध्वनिमुद्रणाचे मोल शून्यावर येते, तेथे कलावंताने जगावे कशावर? उत्तर एकच : प्रत्यक्ष मैफलीवर. परंतु मैफलीला जागा लागते. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा उत्सव मुंबईच्या ज्या रंगभवनाशी वर्षानुवर्षे निगडित होता, त्या खुल्या रंगमंचाचा आवाज शांतता-क्षेत्राच्या नियमांनी बंद केला. रॉकच्या ऱ्हासाची चर्चा करताना अभिरुचीला दोष देण्यापूर्वी नाहीशा झालेल्या जागांची मोजदाद करणे अधिक न्याय्य ठरेल.

स्ट्रीमिंगच्या नव्या व्यवस्थेत एक सूक्ष्मतर धोका आहे. तीस सेकंद ऐकले गेलेले गाणे तेथे पूर्ण ऐकल्यासारखेच हिशेबात धरण्याचा प्रघात आहे. ज्या रचनेची लय चौथ्या-पाचव्या मिनिटाला फुलते, तिच्या संयमाला या हिशेबात स्थान नाही. तथापि, नवे माध्यम म्हणजे केवळ शत्रू, असेही मानता येत नाही. दिल्लीच्याच ‘ब्लडीवुड’ने २०१६ च्या सुमारास इंटरनेटवर विडंबनगीतांपासून आरंभ केला आणि ढोल, हिंदी-पंजाबी शब्द व कर्कश मेटल यांच्या बळावर २०१९ मध्ये जर्मनीतील वाकेनच्या महोत्सवापर्यंत मजल मारली. येथे माध्यम नवे आहे. पण यशाचे मर्म जुनेच आहे. स्वतःच्या भाषेत ओरडण्याचे धैर्य, हे ते मर्म.

अर्थात प्रत्येक मिश्रण रूपांतर नसते. ‘इंडियन ओशन’च्याच २०१४ च्या ‘तांदानू’त प्रत्येक रचनेसाठी एक नामवंत पाहुणा आहे, तेथे भेटीचे सौजन्य काही वेळा आंतरिक निकडीहून अधिक जाणवते. लोकसंगीत अलंकार म्हणून अंगावर घालणे निराळे, आणि त्याच्या दुःखाने आपली लय बदलू देणे निराळे. ‘मा रेवा’त दुसरी गोष्ट घडली आहे.

रॉक टिकेल काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच विक्रीच्या तक्त्यांत मिळणार नाही. ज्या भाषेत त्याचे रूपांतर पूर्ण होईल, त्या भाषेत ते टिकेल. मग त्याला रॉक म्हणोत वा न म्हणोत. मराठीपुरते बोलावयाचे, तर विजेची गिटार आणि शाहिराचा डफ यांची गाठ पडावयाची अद्याप बाकी आहे. त्या दोहोंना एकत्र आणील अशी निकड मराठी गायकाला जेव्हा जाणवेल, तेव्हा रॉक कालबाह्य झाले की नाही, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरणार नाही.