किमया, आरसा आणि विचार करणारे हृदय : ‘कीमिया-ए-सआदत’ची रूपकव्यवस्था

मराठीत ‘किमया’ हा शब्द आता चमत्काराच्या अर्थाने स्थिरावला आहे. शब्दांची किमया, प्रतिभेची किमया असे म्हणताना एखादी गोष्ट कशी घडली हे सांगता येत नाही, एवढेच बहुधा सुचवायचे असते. अरबी-फारसीतून येताना या शब्दातील भट्टी, मूस, धातू आणि दीर्घ प्रक्रिया गळून पडली. उरले ते फलिताविषयीचे आश्चर्य. ‘हृदयाने विचार करणे’ या पदबंधाचीही अशीच गत झाली आहे. तो उच्चारताच बुद्धीने रजा घेतल्याचे गृहीत धरले जाते. अबू हामिद अल-गझाली (१०५८–११११) यांच्या ‘कीमिया-ए-सआदत’ या फारसी ग्रंथाचे वाचन या दोन्ही समजुती तपासून पाहायला लावते.

गझाली बगदादच्या निझामिया विद्यापीठात १०९१ मध्ये आचार्य झाले आणि १०९५ मध्ये ते पद सोडून बाहेर पडले. त्यानंतरच्या काळात आधी ‘इह्या’ हा बृहद् अरबी ग्रंथ आणि पुढे ‘कीमिया’ सिद्ध झाला. ‘कीमिया’ची रचना अर्थपूर्ण आहे. आरंभी स्वतःचे, ईश्वराचे, इहलोकाचे आणि परलोकाचे ज्ञान अशी चार प्रवेशप्रकरणे. नंतर उपासना, लोकव्यवहार, घातक दोष आणि तारक गुण असे चार विभाग, प्रत्येकात दहा प्रकरणे. म्हणजे जेवण, विवाह, उपजीविका, मैत्री, प्रवास हे सारे किमयेच्या ग्रंथाचेच विषय ठरतात. १९१० मध्ये क्लॉड फील्ड यांनी हिंदुस्थानीवरून केलेल्या आठ प्रकरणांच्या इंग्रजी संक्षेपात हा विस्तार मावणे शक्य नव्हते. अशा संक्षेपातून ग्रंथ वाचणाऱ्याला तो आत्मिक समाधानाची पुस्तिका वाटला, तर त्यात नवल नाही. मात्र भट्टी वगळून केवळ सुवर्ण दाखवण्याची प्रक्रिया इथेही घडली आहे, हे नोंदवावे लागते.

‘हृदय’ म्हणजे छातीतील मांसाचा गोळा नव्हे, हे गझाली प्रारंभीच स्पष्ट करतात. तो तर पशूंनाही असतो. हृदय म्हणजे मनुष्याचे जाणणारे स्वत्व. पुढे देह हे नगर कल्पिले आहे : अवयव हे कारागीर, वासना हा करवसुली करणारा अधिकारी, क्रोध हा कोतवाल, हृदय हा राजा आणि बुद्धी हा वजीर. या रूपकात बुद्धी हृदयाची प्रतिस्पर्धी नाही. तिला डावलून वासनेच्या सल्ल्याने चालणारा राजा नगर उद्ध्वस्त करतो. हृदयाने विचार करणे म्हणजे बुद्धीचे ऐकणाऱ्या स्वत्वाने विचार करणे, असा अर्थ येथे निष्पन्न होतो. भावना आणि बुद्धी या आपल्या परिचित द्वंद्वात तो बसवता येत नाही.

खरा पेच मात्र अन्यत्र आहे. ग्रंथनामातील रूपक किमयेचे, तर हृदयासाठी वारंवार योजलेले रूपक आरशाचे. किमयेत तांब्याचे सोने होते, म्हणजे द्रव्यच पालटते. आरशावरचा गंज मात्र केवळ निघतो. मग हृदय पालटते की स्वच्छ होते? दुसरे काहीतरी होणे आणि मूळचे असलेले प्रकट होणे यांत तात्त्विक अंतर मोठे आहे. या दोन रूपकांना जोडणारा दुवा गझालींच्या लोखंडाच्या दृष्टांतात सापडतो. त्या काळचा आरसा काचेचा नव्हता, घासून चकचकीत केलेल्या धातूचा होता. प्रत्येक लोखंडात आरसा होण्याची पात्रता असते. मात्र गंज गाभ्यापर्यंत भिनला तर ती नष्ट होते, असे ते म्हणतात. कच्चे लोखंड आणि आरसा यांचे द्रव्य एकच, पण मधल्या श्रमाने ते पाहू शकणारे द्रव्य होते. परिमार्जन हेच रूपांतर, ही या ग्रंथाची मध्यवर्ती सूचना म्हणता येईल.

विद्येचा तिरस्कार करणाऱ्या साधकांसाठी गझालींनी दिलेला दृष्टांत तर विशेष मार्मिक आहे. किमया सोन्याहून श्रेष्ठ, कारण तिच्यातून अमाप सोने निघते, हे कोणीतरी ऐकलेले असते. म्हणून समोर आलेले सोने तो नाकारतो. किमया त्याच्यापाशी नसतेच. सोनेही जाते आणि तो उपाशी राहतो. अंतर्ज्ञानाच्या नावाने अभ्यास टाळणाऱ्यांवरची ही टीका स्वतः सूफी मार्ग पत्करलेल्या विद्वानाने केली आहे, म्हणून ती अधिक बोचते.

‘इह्या’तील चित्रकारांची कथा याच संदर्भात पाहावी. एका भिंतीवर रूमचे कलावंत चित्रे काढतात, समोरची भिंत चीनचे कलावंत केवळ घासतात; मधला पडदा दूर होताच सारी चित्रे त्या भिंतीत अधिक तेजाने उमटतात. पुढे जलालुद्दीन रूमींनी ‘मसनवी’त ही कथा घेताना भूमिकांची अदलाबदल केली : तिथे चित्रे चिनी काढतात आणि भिंत रूमचे लोक घासतात. दोन्ही रूपांत कौल घासणाऱ्यांच्या बाजूने आहे. तथापि समोर चित्रेच नसती, तर झळाळत्या भिंतीत काय दिसले असते, हा प्रश्न कथेची रचनाच उपस्थित करते.

या व्यवस्थेच्या मर्यादाही दुर्लक्षिता येत नाहीत. राजा, वजीर, कोतवाल ही प्रतिमासृष्टी आज्ञेची आहे. ज्ञानाचे स्वरूप सांगताना ती अधिकाराची उतरंडही निमूटपणे स्वीकारते. शिवाय हृदय खरोखर स्वच्छ झाले की नाही, याचा निवाडा कोणी करायचा? गझालींचे उत्तर आचाराकडे बोट दाखवते, पण ते सर्वस्वी समाधानकारक नाही. दंभही आचाराचेच वेष घेतो. घातक दोषांत दंभाला त्यांनी स्वतंत्र प्रकरण द्यावे, यातून या धोक्याची जाणीव दिसते.

मराठी समीक्षेच्या दृष्टीने हे वाचन उपयुक्त आहे. येथे प्रभावाचा दावा नाही. प्रश्न वाचनपद्धतीचा आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती, आर्जव यांनाच ‘ज्ञान’ म्हटले आहे आणि ज्ञानेश्वरांनी त्या लक्षणांवर विस्ताराने भाष्य केले आहे. वागण्याचे गुण ज्ञानाची व्याख्या कशी होऊ शकतात, हा प्रश्न तिथे अटळ ठरतो. संतकाव्याची ‘ज्ञानपर’ आणि ‘भावपर’ अशी वाटणी करणारी अध्यापनाची रूढी मात्र तो टाळते आणि हृदयाच्या वाट्याला केवळ आर्तता ठेवते. परिसाची प्रतिमा वाचतानाही स्पर्शाचा क्षण तेवढा पाहिला जातो. त्या स्पर्शाला पात्र होणाऱ्या लोखंडाचा विचार होत नाही. हृदय ही विचाराची जागा आहे आणि ती कष्टाने घडवावी लागते, हे गृहीतक स्वीकारले, तर संतांच्या आर्ततेतही ज्ञानमीमांसा वाचावी लागेल. ‘किमया’ या शब्दालाही मग त्याची भट्टी परत मिळेल.