खर्ड्याच्या पेशव्याचे चित्र : शैली, तंत्र आणि चित्रघटक यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील खर्डा हे गाव ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. या मोहिमेत सवाई माधवराव पेशवे स्वतः सैन्यासोबत होते. लढाईचा साक्षीदार असलेला निंबाळकरांचा किल्ला आजही गावात उभा आहे. मात्र त्या तरुण पेशव्याची जी मुद्रा आपल्या डोळ्यांसमोर येते, ती प्रामुख्याने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेली आहे. ही गोष्ट वरवर साधी वाटली तरी चित्रकलेच्या अभ्यासकाला ती विचार करायला लावणारी आहे. चित्रकलेची पाठ्यपुस्तके रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश हे चित्राचे मूलघटक म्हणून सांगतात. शैली आणि तंत्र यांची प्रकरणे वेगळी असतात. त्यामुळे मूलघटक सर्व शैलींत सारखेच असतात, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात रुजतो. पेशवेकालीन पुण्यातील चित्रव्यवहाराच्या आधारे हा समज तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तंत्रातून घडणारे घटक :

भारतीय लघुचित्राचे तंत्र प्रथम लक्षात घेऊ. अनेक कागद एकावर एक चिकटवून जाड, गुळगुळीत पृष्ठ तयार केले जाई. त्यावर बारीक केसांच्या कुंचल्याने रेखाटन, मग डिंकमिश्रित रंगांचे सपाट थर आणि दगडाने केलेली घोटाई, असा क्रम असे. डिंकाचा रंग चटकन वाळतो. त्यामुळे ओल्या रंगात रंग मिसळून उजेडाकडून अंधाराकडे हळुवार जाण्याला येथे फारसा वाव राहत नाही. साहजिकच आकाराचा सारा भार रेषेवर येतो. भुवईचा बाक, पगडीचा पेच, अंगरख्याची चुणी हे सर्व रेषाच बोलते. रंग वस्तूची ओळख आणि प्रसंगाचा भाव सांगतो. उजेड कोणत्या बाजूने आला हे सांगणे त्याचे काम नसते.

तैलरंगाची प्रकृती याच्या उलट आहे. तो सावकाश वाळतो. कॅनव्हासवर एका छटेत दुसरी छटा विरघळवता येते, पुन्हा पुन्हा थर चढवता येतात. म्हणून छायाप्रकाश हा त्या तंत्राचा प्राण ठरतो आणि रेषा छटांच्या सीमेत लोपते. म्हणजे ज्या घटकांना आपण सर्वसामान्य मानतो, त्यांचे महत्त्व माध्यमागणिक बदलते. यशोधराने कामसूत्रावरील टीकेत सांगितलेली चित्राची षडंगे, म्हणजे रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग, या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. त्यांत सादृश्याला स्थान आहे, परंतु यथादर्शनाला स्वतंत्र अंग म्हणून स्थान नाही. हा उणेपणा नसून वेगळ्या चित्रदृष्टीचा निर्देश आहे.

वेल्सचे व्यक्तिचित्र :

वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला. पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या साहाय्याने त्याचा पेशवे दरबारात प्रवेश झाला. १७९२ मध्ये त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि सेवक यांचे तैलचित्र केले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. त्या वेळी पेशव्याचे वय अठरा वर्षांचे होते. चित्रातील वस्त्रे, दागिने, बैठक आणि पाठीशी उभे सेवक ही मांडणी दरबारी चित्रपरंपरेला परिचित अशीच आहे. परंतु चेहऱ्यावरचा प्रकाश आणि शरीराची घनता युरोपीय तंत्राची आहे. लघुचित्रात राजपुरुष बहुधा एकचष्मी, म्हणजे एका बाजूने दिसणारा असतो. तो काळाच्या बाहेर उभा असतो. तैलरंगातील पेशवा मात्र एका विशिष्ट क्षणी, विशिष्ट उजेडात बसलेला मनुष्य वाटतो. या चित्राचे सामर्थ्य यातच आहे आणि त्याची मर्यादाही यातूनच येते. मनुष्य जवळ येतो, पण पदाची अलौकिकता ओसरते.

गंगाराम तांबट :

या व्यवहारातील दुसरे महत्त्वाचे नाव गंगाराम चिंतामण तांबट यांचे होय. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्यांनी काढलेले चित्र १७९० चे असून ते अमेरिकेतील येल येथील ब्रिटिश कलासंग्रहात आहे. वेल्स हिंदुस्थानात येण्यापूर्वीचे हे चित्र आहे, ही बाब निर्णायक मानावी लागेल. कारण तांबट यांचा उल्लेख बहुधा वेल्सचा शिष्य म्हणून होतो. शनिवारवाड्यातील चित्रशाळेत त्यांनी वेल्सकडून पाश्चात्त्य तंत्र आत्मसात केले हे खरे. पण निरीक्षणाची शक्ती आणि हाताची तयारी त्यांच्यापाशी आधीच होती. वेरूळच्या लेण्यांचीही त्यांनी चित्रे काढली. पुढे १८०३ मध्ये थॉमस डॅनियल याने वेरूळच्या चोवीस दृश्यांचा संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात नावे आहेत ती वेल्स आणि डॅनियल यांची. वेरूळ चितारणारा मराठी हात त्या शीर्षकाबाहेरच राहिला.

प्रत्यक्षाचा आभास :

डॅनियलचे १८०५ मधील भव्य दरबारचित्र या चर्चेत विशेष महत्त्वाचे आहे. लंडनच्या टेट संग्रहातील या चित्राचा विषय आहे १७९० मध्ये पेशवे दरबारी झालेला तह. टिपूविरुद्ध मराठे, निजाम आणि इंग्रज यांना एकत्र आणणारा हा तह होता. तह झाला तेव्हा वेल्स पुण्यात नव्हता. डॅनियलने त्याच्या रेखाटनांवरून चित्र पुरे केले, तेव्हा वेल्स आणि सवाई माधवराव या दोघांच्या मृत्यूला दहा वर्षे झाली होती. तरीही यथादर्शन आणि छायाप्रकाश यांमुळे पाहणाऱ्यास वाटते की चित्रकार तेथे हजर होता. तहातील दोन मित्र पाचच वर्षांनी खर्ड्यावर एकमेकांशी लढले आणि इंग्रज तटस्थ राहिले. चित्रात मात्र सलोखा कायमचा झाला आहे. शीर्षकातही अग्रमान मॅलेटला आहे. यावरून असे दिसते की, सादृश्य म्हणजे सत्य नव्हे. वास्तवदर्शी शैलीलाही स्वतःचा पक्ष असतो.

अध्यापनाच्या दृष्टीने :

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आपल्याकडे विद्यार्थी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांची तयारी करतो, तेव्हा स्थिरचित्रात छायाप्रकाश आणि स्मरणचित्रात प्रमाण साधण्याचे त्याला शिकवले जाते. हे कौशल्य आवश्यकच आहे. परंतु तीच एक कसोटी मनात ठसली, की मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रे पाहताना तोच विद्यार्थी ‘यांना पर्स्पेक्टिव्ह येत नव्हते’ असे म्हणून पुढे जातो. आपल्याच परंपरेविषयीचा हा न्यूनगंड अपुऱ्या व्याख्यांतून जन्मतो. त्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकून आपणा अध्यापकांना मोकळे होता येणार नाही.

निष्कर्ष :

१. चित्राचे मूलघटक शैलीनिरपेक्ष नसतात. त्यांचा अग्रक्रम साधन आणि तंत्र यांवरून ठरतो.

२. पेशवेकालीन पुण्यातील संकर हा एकतर्फी अनुकरणाचा इतिहास नाही. तांबट यांचे १७९० चे चित्र त्याची साक्ष देते.

३. वास्तवदर्शी चित्र हा इतिहासाचा पुरावा म्हणून वापरताना ते कोणी, केव्हा आणि कोणासाठी काढले हे तपासले पाहिजे.

४. शैली, तंत्र आणि घटक ही प्रकरणे अध्यापनात एकाच चित्राच्या आधारे एकत्र शिकवावीत. खर्ड्याच्या विद्यार्थ्यांसाठी सवाई माधवरावांच्या चित्राइतके जवळचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. आपल्या गावच्या रणभूमीवर आलेल्या त्या तरुणाकडे पाहताना, आपण त्याला कोणाच्या डोळ्यांनी पाहत आहोत, हा प्रश्न त्यांना पडला, तर चित्रकलेच्या रसग्रहणाला खरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.