‘डायनॅमिक’ विरुद्ध ‘प्लेनर मॅग्नेटिक’: नावातच घोळ

हेडफोनची ओळख करून देणारे लेख वाचले की एक यादी हमखास भेटते: डायनॅमिक, प्लेनर मॅग्नेटिक, इलेक्ट्रोस्टॅटिक, बॅलन्स्ड आर्मेचर, ओपन-बॅक. वाचणाऱ्याला वाटतं, झालं वर्गीकरण. माझ्या मते हे वर्गीकरणच नाही.

पहिली दोन नावं बघा. डायनॅमिक हेडफोनमध्ये पडद्याला तारेची गुंडाळी चिकटवलेली असते, ती चुंबकाच्या फटीत हलते. प्लेनर मॅग्नेटिकमध्ये ताणलेल्या पातळ फिल्मवरच वाहक पट्ट्या असतात आणि समोर चुंबक. तत्त्व एकच, बारावीत शिकलेलं: चुंबकीय क्षेत्रातल्या विद्युतवाहक तारेवर बल लागतं. म्हणजे ‘मॅग्नेटिक’ दोन्ही आणि ‘डायनॅमिक’ही दोन्ही! खरा फरक बल कुठे लागतं याचा आहे. एकात गुंडाळीच्या वर्तुळावर, दुसऱ्यात पडद्याच्या बहुतेक भागावर. यामाहानं १९७६ साली आपल्या एचपी-१ ला ‘ऑर्थोडायनॅमिक’ म्हटलं. त्यात निदान हे नातं तरी दिसत होतं.

इलेक्ट्रोस्टॅटिक हे नाव प्रामाणिक आहे. तिथे बल खरोखरच विद्युतभारामुळे लागतं.

‘बॅलन्स्ड आर्मेचर’मधला ‘बॅलन्स्ड’ मात्र फसवा. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तोललेली छोटी पट्टी, एवढाच त्याचा अर्थ. आवाज संतुलित असण्याशी किंवा बॅलन्स्ड केबलशी त्याचा काही संबंध नाही.

आणि ओपन-बॅक? ते तर कपाचं वर्णन आहे, ड्रायव्हरचं नाही. सेनहायझरचा १९६८ चा एचडी ४१४ ओपनही होता आणि डायनॅमिकही. एकच वस्तू दोन खणांत बसत असेल, तर खणच चुकलेत.

दुकानात या नावांनी फारसं बिघडत नाही, संशोधनात बिघडतं. समजा, तुम्ही बंद कपाचा डायनॅमिक आणि उघड्या कपाचा प्लेनर घेऊन मोजमाप केलंत. फरक सापडला. तो पडद्यामुळे की कपामुळे? व्हायवात पहिला प्रश्न हाच येणार आणि उत्तर तुमच्या डेटात नसणार.

म्हणून लिटरेचर रिव्ह्यूच्या तक्त्यात ‘प्रकार’ असा एकच रकाना ठेवू नका. तीन करा: बल कशामुळे निर्माण होतं, ते पडद्यावर कुठे लागतं, कप उघडा की बंद. प्रचलित नाव चौथ्या रकान्यात टाका. तुमचा विषय हेडफोन नसला तरी चालेल; आपल्या क्षेत्रातली अशी एखादी यादी काढा आणि प्रत्येक नावाला विचारा, ‘तू नक्की कशाबद्दल बोलतोयस?’